चाहूल कशी लागते?

मे महिना. पोलादपूर तालुक्यातली डोंगरावरची एखादी वाडी डोळ्यांसमोर आणा. आभाळ निळंशार, ढगाचं नाव नाही. अंगणातली माती पायाला चटके देतेय. आणि आजीची मात्र केवढी लगबग! लाकूडफाटा पडवीत रचून झाला. गोवऱ्या झाकून झाल्या. सुकी मासळी पुन्हा एकदा उन्हात कडकडीत वाळवून डब्यात गेली. मिरच्या कुटून मसाला तयार. चिंचेला मीठ लावून गोळे बरणीत, आमसुलं दुसऱ्या बरणीत. आजोबा छपरावर चढून फुटकी कौलं बदलतायत.

"आजी, पाऊस तर कुठेच दिसत नाही!"

"निघालाय तो. दारात आल्यावर का लाकडं गोळा करायची, बाळा?"

कोकणात या तयारीला आगोटीची बेगमी म्हणतात. आगोट म्हणजे पावसाळ्याची सुरुवात आणि बेगमी म्हणजे पुढच्या दिवसांसाठी केलेली साठवण. आपल्या घरात हे दर वर्षी होतं, म्हणून आपल्याला त्याचं काही वाटत नाही. पण जरा थांबून विचार करा. जे अजून आलेलं नाही, दिसत नाही, ऐकूही येत नाही, त्याच्यासाठी आजी आज हात चालवतेय. केवढी नवलाची गोष्ट आहे ही!

इंग्रजीत याला 'अँटिसिपेशन' असा एक शब्द आहे. आपल्या मराठीकडे तर शब्दांची रांगच आहे. अंदाज, अटकळ, कुणकुण, सुगावा, बेगमी आणि माझा सगळ्यात आवडता, चाहूल! चाहूल म्हणजे कुणीतरी येत असल्याची बारीकशी खूण. पायरीवर पाऊल वाजतं, फाटकाची कडी खुट्ट करते आणि दार उघडायच्या आधीच तुम्ही ओरडता, "बाबा आले!"

आणि दोस्तांनो, ही चाहूल फक्त घरात लागत नाही. कबड्डीचं मैदान, घाटातली एसटी, देवळातलं भजन, कार्टूनचा सिनेमा, कोर्ट, दवाखाना, नदीकाठ... जिथे जाल तिथे तिच्यावाचून काम अडतं. चला, शोध घेऊ या. सुरुवात आपल्याच अंगापासून!

रिकाम्या कळशीची गंमत

मोरीत कळशी ठेवलेली आहे. तुम्हाला वाटतंय ती भरलेली आहे. तुम्ही कंबर कसता, दम लावून कळशी उचलता आणि फस्स! कळशी रिकामी. हात झटक्यात वर जातो, तुम्ही मागे कलंडता.

असं का झालं? कारण किती जोर लावायचा, हे मेंदूने कळशीला हात लागायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. आधीच्या शेकडो कळश्यांची आठवण त्याच्याकडे होती. त्या आठवणीवरून त्याने हिशोब केला आणि दंडाला, पाठीला, पायांना हुकूम सोडला. डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो, त्याचा या हिशोबात मोठा वाटा असतो. एरवी हिशोब बरोबर येतो, म्हणून तो चालू आहे हे आपल्याला कळतही नाही. चुकला की कळतं! अंधारात जिना उतरताना आणखी एक पायरी आहे असं वाटतं आणि पाय जमिनीवर धप्पकन आपटतो, तेव्हाही हेच झालेलं असतं.

आता स्वतःच्याच काखेत गुदगुल्या करून बघा. होतात? नाही ना! दुसऱ्याने नुसती बोटं जवळ आणली तरी आपण खिदळायला लागतो, पण स्वतःच्या बोटांनी काहीच होत नाही. बोट कधी, कुठे, किती जोरात लागणार हे मेंदूला आधीच ठाऊक असतं. त्यामुळे त्या स्पर्शाचं त्याला नवल वाटत नाही.

आणि हे वाचा: करकरीत हिरव्या कैरीची फोड, तिच्यावर मीठ आणि लाल तिखट, दातांखाली करकर...

सुटलं तोंडाला पाणी? कैरी तर इथे नाहीच, नुसती अक्षरं आहेत! पण पोटाकडे अन्न येतंय अशी चाहूल लागली आणि तोंडाने लाळ तयार केली. रशियातले शास्त्रज्ञ इवान पावलोव्ह कुत्र्यांच्या पचनाचा अभ्यास करत होते. अन्न तोंडात पडण्याआधीच कुत्र्यांना लाळ सुटते, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यावर त्यांनी पुढे अनेक वर्षं प्रयोग केले. पचनावरच्या कामासाठी त्यांना १९०४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं होतं.

पट्टीचा प्रयोग

आता एक प्रयोग करू. ३० सेंटिमीटरची पट्टी घ्या. मित्राला ती ३० चा आकडा वर राहील अशी उभी धरायला सांगा. तुमचं बोट आणि अंगठा शून्याच्या आकड्याजवळ, पट्टीला न लावता उघडे ठेवा. मित्र काहीही न सांगता पट्टी सोडेल. ती चिमटीत पकडा आणि कुठल्या आकड्यावर पकडली ते बघा.

पट्टी १५ सेंटिमीटर खाली आली असेल तर तुम्हाला साधारण ०.१७ सेकंद लागले. २० सेंटिमीटर आली तर ०.२० सेकंद. ३० सेंटिमीटर, म्हणजे पट्टी जवळजवळ निसटलीच, तर ०.२५ सेकंद. डोळ्याने पाहिलं, मेंदूने ओळखलं, हाताला निरोप गेला, बोटं मिटली. एवढ्या सगळ्याला हा वेळ लागतो. कितीही सराव करा, तो शून्य होत नाही.

आता दुसरा डाव. मित्राने या वेळी एका लयीत "एक, दोन, तीन" म्हणायचं आणि 'तीन'ला पट्टी सोडायची. पकडा बरं! पट्टी कितीतरी आधी पकडली जाते. तुमची बोटं वेगवान झाली का? बोटं तीच आहेत. फक्त आता तुम्हाला चाहूल लागली होती.

हे लक्षात ठेवा, कारण आता आपण मैदानात जाणार आहोत.

चाहूल आणि हूल

रायगड जिल्ह्यात कबड्डीचं किती वेड आहे हे तुम्हाला सांगायला नको. संध्याकाळी गावच्या मैदानावर दिवे लागतात आणि माती अंगाला फासून पोरं उभी राहतात. चढाईला आलेल्या खेळाडूकडे ३० सेकंद असतात. समोर बचावाचे सात जण.

कोपऱ्यातल्या बचावपटूकडे नीट बघा. चढाईपटूचा पाय पुढे आल्यावर तो हलला, तर उशीर झालेला असतो. पट्टीच्या प्रयोगात पाहिलं ना, पाहून हलायचं म्हटलं की पाव सेकंद गेलाच. तेवढ्यात चढाईपटू गडी मारून परत. म्हणून चांगला बचावपटू पाय यायच्या आधीची खूण शोधतो. वजन कुठल्या पायावर गेलं? खांदा किती झुकला? कंबर कुठे वळली? हात फसवतात, नजर फसवते. पण कंबर जिकडे वळते, तिकडेच अंग जातं.

पण चढाईपटूही काही कमी नसतो! त्याला ठाऊक आहे की समोरचा माझी चाहूल घेतोय. मग तो डावीकडे झुकल्यासारखं करतो आणि उजवीकडे हात मारतो. याला आपण काय म्हणतो? हूल देणं! काय मजेदार जोडी आहे बघा. चाहूल म्हणजे खरी खूण आणि हूल म्हणजे खोटी खूण. सगळा खेळ या दोघींमधला.

क्रिकेटमध्येही हेच. ताशी १४५ किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू गोलंदाजाच्या हातातून सुटून फलंदाजापर्यंत साधारण अर्ध्या सेकंदात पोहोचतो. त्यातला जवळपास निम्मा वेळ नुसतं पाहून ओळखण्यात जाणार. म्हणून कसलेला फलंदाज चेंडू सुटण्याआधीच गोलंदाजाचं मनगट आणि धावण्याची लय वाचायला लागतो.

घाटातले ड्रायव्हरकाका

पोलादपूरहून महाबळेश्वरला जाताना आंबेनळी घाट लागतो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी आणि मध्ये वळणंच वळणं. या वाटेवर एसटीत पुढच्या सीटवर बसायला मिळालं, तर खिडकीबाहेर बघण्याआधी थोडा वेळ ड्रायव्हरकाकांकडे बघा.

वळणापलीकडचं त्यांना काहीच दिसत नाही. तरी ते वळणाआधी हॉर्न देतात. वेग वळणात शिरल्यावर नाही, शिरायच्या आधी कमी करतात. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते, म्हणजे साधारण एका एसटीच्या लांबीएवढी. समोर म्हैस दिसल्यावर विचार करायला सेकंद घालवला, तर तेवढी वाट संपलेली असते.

उतार लागायच्या आधीच ते गिअर खाली टाकतात. का बरं? नुसत्या ब्रेकवर उतरत राहिलं तर ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक नीट धरत नाहीत. गिअर खालचा असला की इंजिनच गाडीला आवरून धरतं.

रात्री मात्र वळणावर एक खूण जास्त मिळते. समोरून येणारी गाडी दिसण्याआधी तिच्या दिव्यांचा उजेड डोंगराच्या कड्यावर सरकताना दिसतो. उजेड ही गाडीची चाहूल! रस्त्यावर बारीक खडी आणि ओली माती पडलेली दिसली, तर मुरलेला ड्रायव्हर वर कड्याकडे बघतो. ती खाली घसरू पाहणाऱ्या दरडीची चाहूल असते.

भजन, बेडूक आणि कोर्ट

आता भरभर चार ठिकाणी डोकावून येऊ.

देवळात भजन रंगलंय. पखवाजवाला एकच बोल तीनदा वाजवतो आणि तिसऱ्या वेळचा शेवटचा ठोका बरोबर समेवर पडतो. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. याला तिहाई म्हणतात. पहिल्यांदा बोल ऐकला, दुसऱ्यांदा ओळखला आणि तिसऱ्यांदा? तिसऱ्यांदा तो संपायच्या आधीच सगळ्यांच्या माना डोलतात आणि सम येते तेव्हा अख्खं देऊळ एकदम "वा!" म्हणतं. पुढे काय येणार हे कळणं आणि ते तसंच येणं, यातला हा आनंद आहे.

कार्टून काढणारे चित्रकारही चाहूल वापरतात. डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या दोघांनी १९८१ मध्ये एका पुस्तकात कार्टूनला जिवंत करणारी १२ तत्त्वं मांडली. त्यातल्या एकाचं नावच अँटिसिपेशन! तुम्हीही करून बघा. वहीच्या कोपऱ्यांत पानापानांवर उडी मारणारा बेडूक काढा आणि पानं फरफर उलटा. बेडूक नुसता वर गेला तर दोरीने ओढल्यासारखा वाटेल. पण उडीच्या आधी दोन पानांवर त्याला खाली दबलेला काढलात, तर तो खराखुरा उडी मारेल. पाहणाऱ्याला आधी चाहूल द्यायची, मग उडी.

वर्तमानपत्रात 'अटकपूर्व जामीन' हे शब्द वाचलेत का? आपल्याला अटक होईल अशी कुणाला भीती वाटत असेल, तर तो अटकेच्या आधीच सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात जामीन मागू शकतो. इंग्रजीतल्या त्याच्या नावातही अँटिसिपेशनच लपलेलं आहे.

आणि दवाखान्यात? लस म्हणजे आपल्या शरीराला दिलेली रोगाची चाहूल! दुबळा केलेला किंवा मेलेला जंतू, नाहीतर त्याचा एखादा तुकडा शरीराला दाखवायचा. शरीर त्याचा चेहरा लक्षात ठेवतं आणि खरा जंतू आला की लढायला आधीच तयार असतं. आनुवंशिकतेचा अभ्यास करणारे डॉक्टर मात्र हाच इंग्रजी शब्द वेगळ्या अर्थाने वापरतात. घराण्यात चालत आलेले काही आजार पुढच्या पिढीत आणखी लहान वयात दिसू लागतात, त्याला ते अँटिसिपेशन म्हणतात. शब्द एक, पण गाव बदललं की त्याचं काम बदलतं.

नदीची पावलं

आता येऊ महाडला. कारण चाहूल घेणं म्हणजे काय, हे महाडच्या माणसांइतकं फार थोड्या लोकांना ठाऊक असेल.

सावित्री नदी उगम पावते महाबळेश्वरला, समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरहून जास्त उंचीवर. तिथून ती सह्याद्रीच्या कड्यांवरून खाली झेपावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि पुढे बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. महाडजवळ तिला काळ आणि गांधारी या रायगडाच्या बाजूने येणाऱ्या नद्याही भेटतात.

म्हणजे महाडमध्ये पाऊस थांबलेला असला, तरी नदी थांबलेली असेलच असं नाही. महाबळेश्वरला कोसळलेलं पाणी काही तासांनी महाडच्या दारात येतं. म्हणून महाडचे लोक पावसाळ्यात आपल्या डोक्यावरचं आभाळ बघतातच, पण महाबळेश्वर-पोलादपूरला ओळखीच्यांना फोन करूनही विचारतात, "वर किती आहे?"

आता दुसरी बाजू. खाली समुद्र आहे. भरती आली की खाडीतलं पाणी वर चढतं आणि नदीचं पाणी उतरायला जागाच राहत नाही. मोरीत पाणी ओतताना मोरीचं तोंड कुणी बोळा घालून बंद केलं तर जे होईल, तेच!

पण भरतीची एक छान गोष्ट आहे. ती कधी येणार हे आधीच सांगता येतं. कोकणातल्या जुन्या माणसांचं गणित बघा: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. आज अष्टमी आहे? आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर तीन वाजता. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तासाभराचा फरक पडू शकतो आणि खाडीत आत आत पाणी आणखी उशिरा पोहोचतं, पण ना घड्याळ, ना तक्ता, तरी अंदाज केवढा जवळचा! यामागचं विज्ञान असं, की चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो आणि त्याच्यामागोमाग भरतीही तेवढीच उशिरा येते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. जुळलं की नाही?

अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला भरती सगळ्यात मोठी असते. तिला उधाण म्हणतात. आता महाडचं गणित मांडा: वर महाबळेश्वरला धो धो पाऊस, अधिक महाड-पोलादपूरला पाऊस, अधिक खाली समुद्राला उधाण. तिन्ही एकदम आले तर?

२२ जुलै २०२१ ला तेच झालं. गुरुपौर्णिमा तोंडावर आली होती, म्हणजे उधाणाचे दिवस. महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. किती तो? तुमच्या पट्टीसारख्या दोन पट्ट्या एकावर एक उभ्या करा, जवळपास तेवढ्या उंचीचं पाणी, एका दिवसात! माणदेशात अख्ख्या वर्षातही यापेक्षा कमी पाऊस पडतो. महाडच्या बाजारपेठेत पाणी शिरलं, दुकानं बुडाली, माणसं माळ्यांवर आणि गच्चीवर अडकली.

म्हणून नदीवर कायम नजर ठेवावी लागते. महाडला सावित्रीची इशारा पातळी ६ मीटर आणि धोका पातळी ६.५ मीटर धरतात. मधला फरक फक्त अर्ध्या मीटरचा, तुमच्या गुडघ्याएवढा. पण त्या अर्ध्या मीटरमध्ये दुकानातली पोती माळ्यावर जातात, गुरं सोडून उंचावर नेली जातात, आजीला हात धरून काकांकडे पोहोचवलं जातं. हवामान खात्याचे रंगही याचसाठी आहेत. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयार राहा. लाल म्हणजे आता कृती करा. नुसतं "पाऊस पडणार" एवढंच ते सांगत नाहीत, आपण काय करायचं तेही सांगतात.

पुलांचीही चाहूल घ्यावी लागते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी बसगाड्या आपल्या माणसांसह वाहून गेल्या. पुढे १६५ दिवसांत तिथे नवा पूल उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये त्यावरून वाहनं जायला लागली. पूर आला की पाणी पुलाच्या पायाजवळची वाळू आणि दगड खरवडून नेऊ शकतं, तेव्हाही वरून पूल ठणठणीत दिसतो. म्हणून पूल फक्त वरून बघून भागत नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर त्याचा पायाही तपासावा लागतो, जसा डॉक्टर आपल्या छातीला स्टेथोस्कोप लावतात.

डोंगर बोलतो तेव्हा

मित्रमैत्रिणींनो, ही गोष्ट जड आहे, पण ती तुम्हाला सांगायलाच हवी.

त्याच २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ८० हून जास्त माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरडी आल्या. त्याआधी २००५ च्या जुलैत जुई, दासगाव, रोहण आणि कोंडिवते या महाडच्या गावांनी हेच सोसलं होतं.

आपल्या सह्याद्रीत खाली काळा कातळ आणि त्यावर मातीचा, मुरुमाचा थर असतो. सतत पाऊस पडला की पाणी भेगांतून आत मुरतं, माती जड होते आणि कातळावरून सुटू लागते. पण बऱ्याच वेळा घसरण्याआधी डोंगर खुणा देतो. त्या पाठ करून ठेवा:

- उतारावर किंवा अंगणात नव्या भेगा पडतात किंवा जुन्या रुंदावतात.
- सरळ उभी झाडं, विजेचे खांब, कुंपणं कलायला लागतात.
- झऱ्याचं स्वच्छ पाणी एकदम गढूळ होतं, झरा अचानक आटतो किंवा नसलेल्या जागी पाणी फुटतं.
- घराची दारं-खिडक्या अचानक अडकायला लागतात, भिंतींना तडे जातात.
- डोंगरातून दगड गडगडल्याचा, झाडं मोडल्याचा आवाज येतो.

यातली एकही खूण दिसली तर लगेच मोठ्यांना सांगा. "मी लहान आहे, माझं कोण ऐकणार" असं म्हणून गप्प राहू नका. रानात, ओढ्यावर, डोंगरावर सगळ्यात जास्त हिंडता तुम्हीच. नवी भेग आधी तुम्हालाच दिसायची शक्यता आहे.

आणि चाहूल चुकली तर?

चुकते ना, कधी कधी चुकते! काही शेतकरी पावसाआधी कोरड्या मातीतच भात पेरतात. त्याला धूळवाफ पेरणी म्हणतात. पाऊस वेळेवर आला तर रोपं सगळ्यांच्या आधी वर येतात. एक सर येऊन पाऊस दडी मारून बसला, तर कोवळे कोंब करपतात. पावसाने शेतकऱ्याला दिलेली ही हूलच. पण म्हणून शेतकरी पुढच्या वर्षी आभाळाकडे बघायचं सोडत नाही. यंदा काय चुकलं ते लक्षात ठेवतो आणि पुन्हा अंदाज बांधतो.

लाल इशारा येतो, लोक घर सोडून शाळेत जाऊन राहतात, रात्रभर डास चावतात आणि सकाळी बघावं तर काहीच झालेलं नाही. मग कुणीतरी म्हणतं, "उगाच हललो. पुढच्या वेळी नाही जायचं." तुम्ही मात्र असं म्हणू नका. आजीची लाकडं पावसाळा संपल्यावर उरली, तर आजी म्हणते का, "उगाच साठवली"? कोपऱ्यातला बचावपटू एकदा हुलीला फसला, तर पुढच्या चढाईला डोळे मिटून उभा राहतो का? दहा वेळा हललो आणि नऊ वेळा काही झालं नाही, तरी दहाव्या वेळी आपण जिवंत असतो. ते नऊ हेलपाटे वाया गेलेले नसतात.

आजी, कबड्डीपटू, ड्रायव्हरकाका, पखवाजवाला, नदीवर नजर ठेवणारे लोक. या सगळ्यांकडे काही जादू नाही, कुंडली नाही. ते तीन गोष्टी करतात. मागे काय घडलं ते लक्षात ठेवतात. आत्ताची बारीक खूण बघतात. आणि वेळ आहे तोवर पाऊल उचलतात. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाची.

मग आजपासून एक चाहूल वही करा. पावशा पक्षी पहिल्यांदा 'पेरते व्हा' असं ओरडला ती तारीख लिहा. तो काही हवामान खात्यात नोकरीला नाही. पावसाआधीचे दिवस हा त्याचा विणीचा हंगाम असतो, म्हणून तो ओरडतो. पण त्याची तारीख आणि पहिल्या पावसाची तारीख शेजारी शेजारी लिहून तर बघा. पहिला काजवा कधी दिसला ते लिहा. सरळ बाजूंची, सपाट तळाची एक बाटली वरून कापून अंगणात उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी आठ वाजता त्यात किती मिलिमीटर पाणी साठलं ते पट्टीने मोजा. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या पुढे गेलं की तो जोरदार पाऊस समजा आणि त्या दिवशी ओढ्याचं पाणी, अंगण आणि मागचा उतार जास्त बारकाईने बघा. शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा: दरडीच्या खुणा, घरापासून सुरक्षित जागेची वाट आणि मदतीचा नंबर ११२.

वही जून लागायच्या आत सुरू करा. पाऊस निघालाय.